साखर आई-वडिलांची, धडधड लेकीची

प्रश्न : माझं वय ३१. वडिलांना १४ वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे. गेल्या वर्षी सहज ईसीजी काढला तेव्हा कळलं, की त्यांना कधीतरी हार्ट अटॅक येऊन गेला आहे. छातीत दुखल्याचं त्यांना आठवतही नाही. पायांना मुंग्या येतात, ते वेगळंच. आईला धाकट्या भावाच्या वेळी गरोदरपणात साखर निघाली होती. बाळंतपणानंतर ती गेली आणि ८ वर्षांनी कायमची आली. माझी उपाशीपोटीची साखर ९६ आहे. पण हातातलं घड्याळ बसल्या जागी नाडी ८२ ते ८६ दाखवतं आणि ‘एचआरव्ही कमी आहे’ असा इशारा देतं. मधुमेहींच्या मुलांमध्ये साखर वाढायच्या आधीच हृदयाच्या नसा बिघडतात, असं वाचलं आणि झोपच उडाली. माझ्या नसा खराब झाल्यात का? कुठल्या तपासण्या करू? धोका आईकडून जास्त येतो की वडिलांकडून? भाऊ २२ वर्षांचा आहे, त्याचं काय? आम्ही मूल होऊ देण्याचा विचार करतोय, म्हणून जास्तच काळजी वाटते.

उत्तर : आधी त्या ‘नसा’ शब्दाचा निकाल लावू. आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मेंदूकडून निरोप नेणाऱ्या चेतातंतूलाही नसच म्हणतो. त्यामुळे ‘हृदयाच्या नसा बिघडल्या’ हे वाचून एकाला ब्लॉकेज आठवतं, तर दुसऱ्याला लकवा. तुम्ही वाचलंत ते या दोन्हींबद्दल नव्हतं. ते हृदयाचा वेग कमी-जास्त करणाऱ्या स्वायत्त चेतासंस्थेबद्दल होतं. शिवाय मधुमेह नसलेल्या मुलांमध्ये जे आढळलं आहे, त्याला ‘बिघाड’ म्हणणं अतिशयोक्तीचं आहे. चेतातंतू झिजलेले नसतात. त्यांच्या कामाचा तोल थोडा एका बाजूला झुकलेला असतो. वडिलांच्या पायात जे झालं आहे, ते खरोखरचं झिजणं आहे. तुमच्या बाबतीत तसं काही झालंय असं मानायला तुमच्या पत्रात काहीही आधार दिसत नाही.

आता हा तोल म्हणजे काय ते पाहू. हृदयाला मेंदूकडून एकही निरोप मिळाला नाही, तरी ते स्वतःच्या लयीत मिनिटाला सुमारे १०० ठोके देत राहील. बसल्या जागी आपली नाडी ६५–७० असते, ती व्हेगस या चेतेमुळे. व्हेगस म्हणजे घोड्याचा लगाम. दुसरी बाजू अनुकंपी चेतासंस्थेची, म्हणजे टाचेची. ती मारली की घोडा उधळतो. यातला महत्त्वाचा फरक असा, की लगामाचा परिणाम एका सेकंदाच्या आत दिसतो, तर टाचेचा दिसायला काही सेकंद जातात. म्हणून एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंतचं अंतर जे सतत बदलत असतं, ते बव्हंशी व्हेगसचं काम. एचआरव्ही म्हणजे याच बदलाचं मोजमाप. ठोके घड्याळाच्या काट्यासारखे एकसारखे पडणं हे सुदृढ हृदयाचं लक्षण आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर निरोगी तरुण हृदयाचे ठोके तसे कधीच पडत नाहीत.

हे स्वतः बघायचं असेल तर आत्ता बघता येईल. डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाखाली उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट ठेवा. अंगठा वापरू नका, नाहीतर अंगठ्याचीच नाडी मोजली जाईल. आता ५ सेकंद सावकाश श्वास आत घ्या आणि ५ सेकंद सावकाश सोडा. श्वास घेताना ठोके जरा जवळजवळ येतात आणि सोडताना लांब पडतात. दोन-तीन श्वासांत बोटांना हा फरक कळू लागतो. ही अनियमितता म्हणजे आजार नव्हे. श्वास सोडताना व्हेगस लगाम खेचते, हे त्यातून बोटांना जाणवतं.

दवाखान्यात हेच ईसीजीच्या पट्टीवर मोजतात. मिनिटाला ६ या गतीने एक मिनिट खोल श्वास घ्यायला लावतात आणि प्रत्येक श्वासातला सर्वांत जलद व सर्वांत संथ ठोका शोधतात. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकत असेल, तर १५०० ला दोन उंच टोकांमधल्या छोट्या चौकोनांच्या संख्येने भागलं की मिनिटाचा वेग मिळतो. श्वास घेताना अंतर १९ चौकोनांचं असेल तर वेग ७९, सोडताना २४ चौकोनांचं असेल तर ६२ किंवा ६३. म्हणजे फरक सुमारे १६. सहाही श्वासांच्या फरकांची सरासरी १५ किंवा जास्त असेल तर नॉर्मल, ११ ते १४ म्हणजे काठावर, १० किंवा कमी म्हणजे बिघाड. तरुणपणी हा फरक १५ पेक्षा बराच मोठा असतो आणि वयाबरोबर घटत जातो. त्यामुळे एकच आकडा पंचविशीतल्या आणि साठीतल्या माणसाला लावताना डॉक्टर तारतम्य बाळगतात.

मधुमेहींच्या, पण स्वतःला मधुमेह नसलेल्या मुलामुलींना अशा चाचण्यांना बसवून त्यांची तुलना घरात मधुमेह नसलेल्यांशी केली, तेव्हा बऱ्याच अभ्यासांत पुढचं चित्र दिसलं. बसल्या जागी नाडी थोडी जास्त, एचआरव्ही थोडी कमी, खोल श्वासातला फरक थोडा कमी. म्हणजे लगाम किंचित सैल आणि टाच किंचित लागलेली. पण यातला ‘थोडा’ हा शब्द नीट लक्षात घ्या. हे गटांच्या सरासरीतले फरक आहेत. दोन्ही गटांतल्या माणसांचे आकडे एकमेकांत बरेच मिसळलेले असतात, म्हणजे नुसता आकडा बघून अमक्याच्या घरात मधुमेह आहे की नाही हे सांगता येत नाही. यातले बरेच अभ्यास लहान गटांवर, बहुतेकदा कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झालेले आहेत आणि सगळ्यांचे निष्कर्ष सारखे नाहीत. वजन, पोटाचा घेर आणि व्यायामाची सवय जमेस धरली की फरक आणखी आक्रसतो. एका घरात जनुकं तर एक असतातच, जेवणाचं ताट, झोपेच्या वेळा आणि बैठी सवयही एकच असते.

साखर नॉर्मल असताना हे का व्हावं? कारण रक्तातली साखर ही या गोष्टीतली अगदी शेवटी हलणारी सुई आहे. टाइप २ च्या घरातल्या मुलांमध्ये स्नायू इन्सुलिनचं ऐकायला कुरकुर करू लागतात, ते साखर वाढण्याच्या कितीतरी वर्षं आधी. स्वादुपिंड मग जास्त इन्सुलिन सोडून काम भागवून नेतं. रिपोर्टमध्ये साखर ९० दिसते, पण ती ९० वर ठेवायला दुप्पट इन्सुलिन खर्च होत असू शकतं. हे जास्तीचं इन्सुलिन मेंदूवर काम करून अनुकंपी बाजूला चेतवतं आणि मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतं. उलट, टाच सतत लागलेली असली की स्नायूंच्या रक्तवाहिन्या आकसतात, चरबीतून मेदाम्लं जास्त सुटतात आणि स्नायू इन्सुलिनला आणखीच दाद देत नाहीत. असं हे रहाटगाडगं एकदा फिरू लागलं की पोटाभोवतीची चरबी त्याला वंगण पुरवते. मधुमेहींच्या मुलांमध्ये रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर नीट काम करत नाही आणि त्या हव्या तितक्या सैल होत नाहीत, असंही काही अभ्यासांत दिसलं आहे. त्याचं मूळही मोठ्या प्रमाणात इथेच आहे.

म्हणून तुमच्या ‘९६’ने आमचं पूर्ण समाधान होत नाही. तो आकडा नॉर्मलच आहे. पण आई आणि वडील दोघांनाही मधुमेह असेल तर मुलांची जोखीम बरीच वाढते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या कुटुंबांच्या अभ्यासात, आई-वडिलांपैकी कुणालाही मधुमेह नसलेल्यांच्या तुलनेत एकाला असेल तर सुमारे साडेतीन पट आणि दोघांना असेल तर सुमारे ६ पट, असं प्रमाण निघालं. तुम्ही त्या दुसऱ्या गटात बसता. तेव्हा हृदयाच्या चेतांच्या चाचण्यांमागे धावण्याआधी साखरेची एक चाचणी नीट करून घ्या : ७५ ग्रॅम ग्लुकोजची दोन तासांची चाचणी, सोबत एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी.

‘नीट’ म्हणायचं कारण असं, की ही चाचणी फार वेळा चुकीची होते. आधीचे ३ दिवस नेहमीसारखं जेवा, दिवसाला किमान १५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. चाचणी आहे म्हणून आधी गोड आणि धान्य सोडलं, तर शरीर साखर हाताळायची सवय मोडतं आणि नॉर्मल माणसाचा आकडासुद्धा खोटाच वर जातो. पथ्य केल्याने रिपोर्ट चांगला येईल असं लोकांना वाटतं, होतं नेमकं उलट. रात्री ८ ते १४ तासांचा उपास, फक्त पाणी चालेल. सकाळी शिरेतून पहिला नमुना. मग ७५ ग्रॅम ग्लुकोज २५० ते ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून ५ मिनिटांत संपवायचं. दोन तास मोजायचे ते पहिल्या घोटापासून, पेला संपल्यापासून नाही. त्या वेळात बसून राहायचं, चालायचं नाही, तंबाखू-सिगरेट नाही. उलटी झाली तर चाचणी रद्द समजून दुसऱ्या दिवशी करायची. दोन तासांनंतर १४० पेक्षा कमी असेल तर नॉर्मल, १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेह, पण लक्षणं नसतील तर दुसऱ्या चाचणीने खात्री करूनच. एचबीएवनसी ५.७ पेक्षा कमी चांगलं, ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ पासून पुढे मधुमेह. तुमच्या वयाच्या बायकांच्या बाबतीत इथे एक खोच आहे. अंगात लोह कमी असेल तर एचबीएवनसी खोटंच जास्त येऊ शकतं. त्यामुळे त्याच रक्तातून हिमोग्लोबिन बघा. घरच्या ग्लुकोमीटरवर निदान करू नका, ते उपचार चालू असलेल्यांनी रोजची नजर ठेवायला असतं.

आता नाडी. ८२–८६ ही आजाराच्या व्याख्येत बसत नाही. पण तुम्ही ती कशी मोजलीत? घड्याळ दिवसभरातले बसल्या वेळचे आकडे गोळा करतं आणि त्यात चहा, जिने, मीटिंग, चिडचीड सगळं येतं. आठवडाभर असं करा. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्याआधी, २ मिनिटं शांत पडून राहून पूर्ण ६० सेकंद नाडी मोजा. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नका, एका ठोक्याच्या चुकीचे चार होतात. गजराने दचकून उठलात, ताप होता किंवा रात्री झोप झाली नाही, तर तो दिवस वगळा. पाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत नाडी काही ठोक्यांनी वर असते, म्हणून तारखेबरोबर पाळीचा दिवसही टिपा. उरलेल्या आकड्यांची सरासरी हीच तुमची खरी विश्रांतीची नाडी. ती ७० च्या आसपास निघाली, तर या प्रश्नाचा निम्मा भाग तिथेच निकालात निघाला.

ती सातत्याने ८५–९० च्या वर राहिली, तर व्हेगसचा संशय घेण्याआधी नेहमीचे संशयित तपासा : रक्तक्षय, थायरॉइड जास्त चालणं, पाणी कमी पिणं, दम्याचा पंप, सर्दीच्या नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या, तंबाखू, अपुरी झोप आणि चिंता. हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि एक साधा ईसीजी एवढ्यावर यातलं बरंचसं उलगडतं. तुम्ही ‘झोप उडाली’ असं लिहिलंय. ते वाचण्याआधीची आणि नंतरची नाडी वेगळी असेल, तर आम्हाला नवल वाटणार नाही.

घड्याळातल्या एचआरव्हीबद्दल आमचं मत फारसं उदार नाही. दवाखान्यात ती ईसीजीवरून काढतात : शांत खोलीत किमान ५ मिनिटं, आडवं पडून, रेकॉर्डिंगमधला एकही चुकार ठोका हिशेबात येऊ न देता. घड्याळ मनगटाच्या कातडीवर उजेड टाकून रक्ताची लाट मोजतं. पट्टा सैल असला, हात हलला, कातडी गार पडली की ठोक्याची जागा काही मिलिसेकंदांनी चुकते, आणि एचआरव्ही म्हणजे त्या मिलिसेकंदांचाच तर हिशेब. त्यात एक कंपनी एका सूत्राने आकडा काढते, दुसरी दुसऱ्याच, त्यामुळे मैत्रिणीच्या ६० शी तुमच्या ३० ची तुलना करण्यात काही हशील नाही. वापरायचंच असेल तर फक्त झोपेतला आकडा घ्या आणि स्वतःच्याच मागच्या महिन्याच्या सरासरीशी ताडून बघा. एका रात्रीच्या आकड्याला काडीचीही किंमत देऊ नका. इशारे बंद करता येत असतील तर करून टाका, निदान महिनाभर तरी.

ज्याला खरोखर काहीतरी अर्थ आहे असं एक मोजमाप तुम्हाला फुकट मिळतं. भरभर चाललात किंवा जिना चढलात, तर थांबण्याच्या क्षणीची नाडी आणि बरोबर एका मिनिटानंतरची नाडी. व्यायाम थांबताच लगाम पुन्हा हातात येतो, म्हणून पहिल्या मिनिटातली घसरण ही मुख्यतः व्हेगसची करामत. ट्रेडमिलवर पूर्ण दमवून, नंतर हळू चालत ठेवून केलेल्या चाचणीत ही घसरण १२ किंवा त्याहून कमी असेल तर ती असमाधानकारक मानतात. घरच्या जिन्यावर तो १२ चा आकडा जसाच्या तसा लावू नका, कारण तुम्ही तितक्या दमलेल्या नसता. तोच जिना, तेवढेच मजले, तोच वेग, आठवड्यातून एकदा. दोन-तीन महिन्यांत घसरण वाढत गेली, तर बरोबर दिशेने चाललंय.

खोल श्वासाची, जोर लावून फुंकण्याची, उभं राहण्याची, मूठ आवळण्याची, अशी चाचण्यांची पूर्ण मालिका तुम्ही करून घ्यावी का? आमच्या मते नाही. त्या मधुमेह असलेल्यांसाठी आहेत : टाइप २ मध्ये निदान होताच आणि टाइप १ मध्ये ५ वर्षांनी. तुमच्या बाबतीत आकडा काठावर आला, तरी सल्ला तोच राहील जो आम्ही पुढे देतोय. ज्या चाचणीने पुढचं पाऊल बदलत नाही तिच्यावर पैसे आणि झोप कशाला घालवायची? मात्र चालताना किंवा व्यायाम करताना छातीत दडपण येणं, श्रम करताना भोवळ येऊन पडणं, धडधड अचानक सुरू होऊन कळ दाबावी तशी अचानक थांबणं, किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणं, यातलं काही असेल तर मधुमेहाची चर्चा बाजूला ठेवून आधी हृदयरोगतज्ज्ञांकडे जा. उभं राहिल्यावर १० मिनिटांत नाडी ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढत असेल आणि डोकं हलकं होत असेल, तर तेही सांगा. तो निराळा प्रश्न आहे.

आई की वडील? जनुकं दोघांकडून येतात. आईकडून एक गोष्ट जादा येते, ती म्हणजे गर्भातले नऊ महिने. आईची साखर वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळाकडे जाते, इन्सुलिन जात नाही. मग बाळाचं स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन भरपूर तयार करतं आणि ते वाढीचं खत ठरतं. बाळ जाडजूड होतं, हृदयाच्या दोन कप्प्यांमधला पडदा कधी कधी जाड होतो. हा जाडपणा जन्मानंतर काही महिन्यांत बहुधा आपोआप ओसरतो. अमेरिकेतल्या पिमा जमातीत एकाच आईच्या मुलांची तुलना झाली होती. आईला मधुमेह झाल्यानंतर जन्मलेल्यांना, आधी जन्मलेल्या भावंडांपेक्षा मधुमेहाचा धोका जास्त निघाला. आई तीच, वडील तेच, तेव्हा फरक गर्भातल्या वातावरणाचाच. डेन्मार्कमध्ये ४० वर्षांपर्यंतचा पाठपुरावा करून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधुमेही मातांच्या मुलांमध्ये तरुण वयातल्या हृदय-रक्तवाहिनीच्या आजारांचं प्रमाण २९ टक्क्यांनी जास्त दिसलं. २९ टक्के हा आकडा मोठा वाटतो, पण त्या वयात मूळ प्रमाणच कमी असतं. थोडक्याचे २९ टक्के थोडकेच.

म्हणजे तुम्ही दोघं सख्खी भावंडं असूनही भावाचा धोका किंचित जास्त आहे. त्याने २२ व्या वर्षी घाबरायचं कारण नाही, पण साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल एकदा बघून ठेवावं. त्याचं वजन, विशेषतः पोट, वाढत असेल तर दरवर्षी. तुम्हीही रिपोर्ट नॉर्मल आला तरी साखर वर्षातून एकदा बघा. घरात कुणाला मधुमेहासोबत कमी ऐकू येत असेल आणि हा प्रकार आईच्याच बाजूने पिढ्यान्‌पिढ्या आला असेल, तर तेही डॉक्टरांना मुद्दाम सांगा. मायटोकॉन्ड्रियातून (पेशीतल्या, आईकडूनच मिळणाऱ्या ऊर्जाकेंद्रांतून) येणारा एक दुर्मीळ प्रकार असा असतो आणि त्यात हृदयही सापडू शकतं.

तुम्हाला मूल हवं आहे, तर वरची ग्लुकोजची चाचणी आत्ताच, गर्भ राहण्याआधी करून घेण्याला दुहेरी अर्थ आहे. बाळाचं हृदय पहिल्या ८ आठवड्यांत घडतं, अनेकदा पाळी चुकल्याचं नीट लक्षात येईपर्यंत अर्धं काम झालेलं असतं. त्या दिवसांत आईची साखर बरीच वाढलेली असेल तर हृदयाच्या रचनेतले दोष वाढतात. साखर आधीच ताब्यात असेल तर तो धोका खूप खाली येतो. पुढे २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा तपासणी होईलच. तेव्हा ‘आधी नॉर्मल होती’ म्हणून ती टाळू नका.

आता करायचं काय, तर रहाटगाडग्याचा वेग कमी करायचा. यातली सर्वांत भरवशाची गोष्ट फारच साधी आहे. उंबरठ्यावरच्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात, वजन ७ टक्क्यांनी उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं एवढंच लक्ष्य दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने ३१ टक्के. वजन ६८ किलो असेल तर ७ टक्के म्हणजे पावणेपाच किलो. ते सहा महिन्यांत उतरवा, सहा आठवड्यांत नको. कंबर मोजा : शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडून, टेप न आवळता. ती उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. तुमचं वजन मुळातच बेताचं असेल आणि कंबर या मापात बसत असेल, तर वजनाच्या मागे लागू नका, नुसतं चाला.

चालण्याचा वेग असा हवा, की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. ३० मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस, आणि २ दिवस स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम, कारण साखर उचलणारं मुख्य गोदाम स्नायू आहे. जेवल्यावर १० ते १५ मिनिटं चाललात तर जेवणानंतरची साखर तेवढी उंच चढत नाही. सतत बैठक असेल तर दर अर्ध्या तासाने २–३ मिनिटं उठा. नेहमी होणारी चूक म्हणजे पहिल्याच आठवड्यात धावायला लागणं, घोटा दुखवून घेणं आणि महिनाभर आडवं होणं. दुसरी चूक म्हणजे दहा दिवसांनी नाडी तपासून निराश होणं. लगाम घट्ट व्हायला ८ ते १२ आठवडे लागतात आणि विश्रांतीची नाडी उतरते तीही काहीच ठोक्यांनी.

झोप ७ तासांची हवी. नुसती काही रात्रींची अर्धवट झोपसुद्धा इन्सुलिनचं काम बिघडवते. तंबाखू कुठल्याही रूपात नको. मिनिटाला ६ श्वास असे १० मिनिटं घेतले, तर त्या वेळात एचआरव्ही हमखास वाढते, मन निवतं, रक्तदाबही थोडा उतरू शकतो. जरूर करा, पण त्याने पोटाची चरबी किंवा इन्सुलिनचा अडेलपणा जात नाही. चालण्याच्या ऐवजी हा श्वासाचा व्यायाम नको. ‘नसांची ताकद’ म्हणून बी-१२ ची इंजेक्शनं घेऊ नका. रक्तात बी-१२ कमी असेल तरच ती लागतात.

पत्रातल्या ज्या माणसाची आम्हाला खरी काळजी वाटली, ते तुमचे वडील. पायांना मुंग्या आणि न दुखता येऊन गेलेला अटॅक या दोन्ही गोष्टी एकत्र असतील, तर हृदयाच्या चेताही झिजल्या असण्याची शक्यता मोठी आहे. ज्या मालिकेची तुम्हाला गरज नाही, ती चाचण्यांची मालिका त्यांना हवी आहे. मात्र त्याआधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. मधुमेहाने पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या आल्या असतील, तर जोर लावून फुंकायची चाचणी करत नाहीत. पुढचा अटॅकही छातीत न दुखता येऊ शकतो : एकाएकी धाप, गार घाम, मळमळ, कारणाशिवाय गळून जाणं. असं झालं तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत घरी थांबू नका, तडक दवाखाना.

एक तपासणी तुम्ही घरी करू शकता. सकाळी, रक्तदाबाची गोळी घेण्याआधी, त्यांना ५ मिनिटं आडवं झोपवा. दंडावर मापाचा पट्टा बांधून रक्तदाब आणि नाडी लिहून घ्या. पट्टा आखूड असेल तर आकडा खोटा जास्त येतो. मग उभं करा, शेजारी आधाराला तुम्ही उभ्या राहा, आणि १ मिनिटाने व ३ मिनिटांनी पुन्हा मोजा. मोजताना त्यांचा हात हृदयाच्या उंचीवर टेकवलेला असावा, खाली लोंबता नको. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर ती नोंद डॉक्टरांना दाखवा. नाडी किती वाढली हेही लिहा. रक्तदाब ३० ने पडला आणि नाडी मात्र ५–७ ठोक्यांनीच हलली, तर निरोप पोचत नाहीये असा त्याचा अर्थ असतो. नाडी चांगली २०–२५ ने वाढली असेल, तर पाणी कमी पडणं किंवा गोळ्यांचा डोस याकडे आधी बघतात. असे तीन वेगवेगळ्या सकाळचे आकडे एका कागदावर लिहा. त्याच कागदाच्या मागे तुमच्या सात दिवसांच्या नाडीचे आकडे लिहा आणि दोघं एकाच दिवशी डॉक्टरांकडे जा.